बाळंतविड्याचा रंग: घरच्या घरी कापड रंगवण्याचं एक प्रकरण

पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरात, आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे प्रकरण. त्यांना इथे काकू म्हणू. सोसायटीही तेच म्हणते. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि बाळंतविडा बाजारातून आणायचा नाही, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. आपल्या आईच्या, म्हणजे बाळाच्या पणजीच्या, धुऊन धुऊन जवळजवळ पांढऱ्या झालेल्या सुती नऊवारीची दुपटी शिवायची, मलमलची झबली-टोपरी करायची आणि सगळं घरीच, स्वयंपाकघरातल्या जिनसांनी रंगवायचं. बाळ कापड तोंडात घालणार, तेव्हा रंगात 'केमिकल' नको, ही अट.

पहिल्या खेपेला जे निघालं ते पिशवीत भरून काकू माझ्याकडे आल्या. माझी सगळी नोकरी कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, हे त्यांना माहीत होतं. "अगं, रंग पक्काच होत नाहीये. काय घालू ते सांग," एवढीच त्यांची मागणी होती.

पिशवीत काय होतं

बिटात उकळलेलं मलमल. पातेल्यात असताना ते राणी रंगाचं दिसत होतं म्हणे. वाळल्यावर फिकट गुलाबी झालं आणि पहिल्याच धुण्यात मळकट बदामी रंगावर आलं. हळदीतलं मलमल पिवळंधमक होतं, पण जिथे साबण लागला तिथे लाल-तपकिरी डाग, आणि गॅलरीतल्या दोरीवर जी बाजू उन्हाकडे होती ती पार उडालेली. कांद्याच्या सालांत रंगवलेले तीन तुकडे होते. नऊवारीच्या तुकड्यावर छान सोनेरी रंग चढला होता, पण मध्ये मध्ये फिकट पट्टे. नव्या मलमलवर रंग सगळीकडे सारखा, पण अगदीच फिका. आणि 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या तिसऱ्या कापडावर नुसती पिवळट झाक. याखेरीज एक तयार झबलं होतं. त्याचं कापड रंगलं होतं, शिलाईचा दोरा मात्र पांढराशुभ्र राहिला होता, त्यामुळे प्रत्येक शिवण दुरून मोजता येत होती.

रीत सगळ्यांना एकच: जिन्नस पाण्यात उकळायचा, गाळायचा, कापड टाकायचं, मीठ आणि व्हिनेगर घालायचं, तासभर उकळून पिळून वाळत टाकायचं. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली.

आता एवढ्या बिघाडांना एकच काहीतरी 'घालून' उपाय होईल, अशी काकूंची अपेक्षा होती आणि ती स्वाभाविक आहे. घरी कापड रंगवणारी बहुतेक माणसं पातेल्याकडेच बघत बसतात: सालं वाढवू का, आणखी उकळू का, आच कमी पडली का? माझं मत असं की पातेलं गॅसवर चढण्याआधीच बराचसा निकाल लागलेला असतो. कापड काय आहे, ते किती निखळ स्वच्छ आहे, त्याला रंगबंधक लावलंय का, पाणी कुठलं आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून आम्ही रंगाचं पातेलं बाजूला ठेवलं आणि मागून पुढे यायला लागलो.

मीठ-व्हिनेगरची गोष्ट

आधी हा एक गैरसमज निकालात काढावा लागला, कारण काकूंचा त्यावर फार भरवसा होता.

मीठ हे कापड रंगवण्यातलं खरंखुरं साहित्य आहे. सुताचा धागा पाण्यात किंचित ऋणभारित होतो आणि डायरेक्ट किंवा रिअ‍ॅक्टिव्ह जातीचे कृत्रिम रंगही ऋणभारितच असतात. दोघं एकमेकांना ढकलतात. भरपूर मीठ घातलं की ती ढकलाढकल कमी होते आणि रंग धाग्याकडे सरकतो. व्हिनेगरही खरं आहे, पण ते लोकर आणि रेशमासाठी. त्यांना अ‍ॅसिड जातीचे रंग आंबट पाण्यातच चढतात. कांद्याच्या सालातला रंग आणि सुती कापड, या जोडीत मिठाला आणि व्हिनेगरला करण्यासारखं काही कामच नाही. उलट टॅनिन (हिरड्यासारख्या जिनसांतलं तुरट द्रव्य) आणि तुरटी ही जोडी सुतावर रंग धरून ठेवते, आणि आंबट पाण्यात तिचीच पकड सैल होते. दोन वेगळ्या कामांचे दोन उपाय कुणीतरी एकत्र केले आणि ते सगळीकडे पसरले.

बीट आणि हळद यांचाही फैसला इथेच झाला. बिटाचा लाल रंग बीटानिन या द्रव्याचा. ते पाण्यात चटकन विरघळतं, उकळलं की मोडतं आणि सुताला धरून राहण्याचा त्याचा वकूब जवळजवळ नाही. त्याला तुरटीही वाचवत नाही. बीट कोशिंबिरीत घालावं. हळदीचं वेगळं आहे. तिच्यातलं करक्युमिन सुताला आपणहून धरतं, काही न लावता; वरणाचा डाग उगाच छळत नाही. पण साबणासारखं अल्कलीयुक्त काही लागलं की ते लाल होतं (कुंकू करायची जुनी रीत हळदीच्या याच गुणावर उभी आहे) आणि उन्हापुढे तर ते टिकतच नाही. "हळदीचा डाग उन्हात टाक, जाईल," हा सल्ला काकूंनी आजवर किती जणींना दिला असेल. तेच ऊन त्यांच्या झबल्यालाही लागलं. हळदीच्या समारंभात एक दिवस नेसायच्या कापडाला हळद उत्तम. रोज धुवून उन्हात वाळवायच्या दुपट्याला नाही.

कांद्याची सालं मात्र यादीत राहिली. त्यांच्यातलं क्वेर्सेटिन हे अस्सल रंगद्रव्य आहे. त्याला अ‍ॅल्युमिनियमची जोड लागते, एवढंच. ती काकूंच्या रीतीत कुठेच नव्हती.

कापडाची झडती

पहिली कसोटी पाण्याच्या थेंबाची. कोरडं कापड ताणून धरायचं, वरून एक थेंब सोडायचा. रंगवायला तयार असलेल्या सुती कापडात तो पडताक्षणी पसरून जिरतो. काकूंच्या नव्या मलमलवर थेंब गोल होऊन बसून राहिला. कापसाच्या धाग्यावर जन्मतःच मेण आणि पेक्टिन असतं, वर मागावर धागा तुटू नये म्हणून लावलेली खळ. नुसत्या पाण्यात बुचकळून यातलं फारसं काही जात नाही. त्या मलमलवर रंग फिका चढला, कारण पाणीच नीट आत शिरत नव्हतं.

नऊवारीवर थेंब बऱ्याच ठिकाणी लगेच जिरला, काही ठिकाणी रेंगाळला. पट्ट्यांचं कारण मला अंधुक दिसत होतं, पण खात्री काकूंनीच करून दिली. "आई साडीला कांजी घालायची, आणि मीही कपाटात ठेवताना स्टार्च केला होता," असं म्हणत त्या उठल्या आणि औषधाच्या डब्यातून आयोडीन घेऊन आल्या. सातवीच्या वर्गात बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून पिष्टमय पदार्थ ओळखायचा प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षं करून घेतलेला. पाण्यात पातळ केलेलं आयोडीन साडीच्या कोपऱ्यापासून थेंबाथेंबाने लावत गेलो. रंगाचा पट्टा फिकट होता तिथे निळा-काळा डाग, रंग गडद होता तिथे नुसता पिवळट. घड्यांमध्ये स्टार्च दाट बसला होता. त्या क्षणी काकूंना प्रकरण आपलंसं वाटायला लागलं असावं; त्यानंतर प्रत्येक पायरीला प्रश्न त्या विचारत होत्या आणि बरेचदा उत्तरही त्याच शोधत होत्या.

तिसऱ्या कापडाचा एक धागा उपसून चिमट्यात धरून जाळला. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने चुरली जाणारी राख उरते. हा धागा जळतानाच आक्रसला, वितळला आणि टोकाला टणक काळा मणी राहिला. टेरिकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर यांचं मिश्रण. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचे रंग लागतात आणि तेही दाबाखाली, १३० अंशांच्या आसपास तापलेल्या यंत्रात. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही पातेल्यात ते होणार नाही. जो काही पिवळटपणा आला होता तो त्यातल्या सुताच्या वाट्याचा. झबल्याच्या शिलाईचंही हेच: कापड सुती, दोरा पॉलिएस्टरचा. रंगवून मग शिवा, किंवा सुती दोरा आणून शिवा, असं सुचवलं. काकूंनी दोन्ही केलं.

मग साफसफाई. आधी नऊवारी आणि मलमल गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी पाणी बदललं, असं आयोडीनचा निळा रंग उमटेनासा होईपर्यंत. कारखान्यात हेच काम अमायलेज हे एन्झाइम काही वेळात उरकतं. घरी वेळ हेच साधन. त्यानंतर धुण्याच्या सोड्यात उकळणं. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला चारेक लिटर पाणी, सात-आठ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं साधं, सुगंध आणि चमक न घातलेलं डिटर्जंट. मंद आचेवर दीड-दोन तास. "खायचा सोडा घरात आहे, तो चालेल का?" या प्रश्नाला उत्तर नाही असंच आहे: तो फार सौम्य पडतो, त्याचा सामू ८ च्या जरा वर, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. हात जपायचे, रबरी मोजे घालायचे. मलमलचं पाणी निघालं चहाच्या रंगाचं. दुकानातून नुकतंच आणलेल्या, डोळ्यांना शुभ्र दिसणाऱ्या कापडातून एवढं निघतं यावर काकूंचा विश्वास बसेना. बाजारात 'आरएफडी' म्हणून रंगवायला तयार कापड मिळतं; ज्यांना हे उकळणं नको त्यांनी ते शोधावं. पण थेंबाची कसोटी त्यावरही घ्यावी.

हिरडा, मायफळ, तुरटी

सुताची मूळ अडचण अशी की त्याचं रेशमासारखं नाही. रेशीम आणि लोकर प्रथिनं आहेत, त्यांच्या रेणूंवर रंगाला आणि धातूला धरायला जागा आहेत. सुताचं सेल्युलोज त्या मानाने कोरडं. म्हणून आपल्याकडे सुताला आधी टॅनिन देतात आणि मग तुरटी. टॅनिन सुताला धरतं, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम टॅनिनला, आणि रंगद्रव्य अ‍ॅल्युमिनियमला. श्रीकालहस्ती आणि मछलीपट्टणमच्या कलमकारीत कापड आधी हिरड्यात भिजवतात ते याचसाठी.

आणि ही गरज फक्त 'नैसर्गिक' रंगांची आहे असंही नाही. १८५६ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत, पूर्व लंडनमधल्या घरी थाटलेल्या प्रयोगशाळेत १८ वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन कृत्रिम क्विनाइन बनवायला बसला आणि हाती जांभळा रंग आला. पहिला यशस्वी कृत्रिम रंग तो हाच. रेशमाने तो आनंदाने घेतला, सुताने घेतला नाही. सुतावर चढवण्यासाठी शेवटी टॅनिनचीच रीत बसवावी लागली. घरगुती प्रयोगाची एवढी मोठी परंपरा सांगितल्यावर काकूंचा 'केमिकल'वरचा राग थोडा उतरला.

काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा पूड मिळालीच, पण काकू घेऊन आल्या मायफळही. का, तर बाळगुटीसाठी दोन्ही घ्यायचंच होतं. मला हे इतकं सोयीचं वाटलं की सांगितल्यावाचून राहवत नाही. हिरड्याचं टॅनिन कापडाला लोण्यासारखी पिवळी छटा देतं, आणि मग वरून येणारा लाल विटकरी होतो, गुलाबी काळपटतो. मायफळाचं टॅनिन जवळजवळ बिनरंगी. म्हणजे पिवळ्या-हिरव्या छटांना हिरडा आणि गुलाबीला मायफळ. गुटीच्या डब्यात दोन्ही शेजारीशेजारी.

प्रमाणं कापडाच्या कोरड्या वजनावर धरायची. स्वयंपाकघरातला काटा पुरतो, तेवढा काटा मात्र हवाच. 'दोन मुठी सालं' या मापाने दुसऱ्यांदा तोच रंग कधी येत नाही. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडा, किंवा १० ग्रॅमच्या आत-बाहेर मायफळाची पूड, कोमट पाण्यात. कापड रात्रभर त्यात, मधून मधून हलवत. सकाळी पिळून, न खळबळता, सावलीत वाळवायचं. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने सोडायचा. फसफसतं, म्हणून पातेलं मोठं घ्यायचं. सोड्याने तुरटीचा आंबटपणा उतरतो आणि अ‍ॅल्युमिनियम धाग्यावर जास्त बसतं. यातही कापड काही तास, शक्यतो रात्रभर. दुसऱ्या दिवशी एकदा हलकं खळबळून लगेच रंगात.

भांडी स्टीलची. लोखंडी कढईत केलं तर टॅनिनशी लोह मिळून सगळं काळं पडतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आपलं गणित बिघडवतं. रंगाचं पातेलं आणि पळी पुन्हा स्वयंपाकात नाही. यावर घरात थोडा वाद झाला, कारण ते पातेलं दुधाचं होतं.

मोरचुदाबद्दलही विचारणा झाली. त्याने हिरवट छटा सुंदर येते हे काकूंनी वाचलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. तांब्याचे क्षार आणि क्रोमचे तर त्याहून, हे घरात, तेही बाळाच्या कपड्यांसाठी, वापरायचे नाहीत. वनस्पतीतून काढला म्हणून रंग निर्धोक होत नाही, तो कशाने बांधलाय ते बघावं लागतं. हिराकशीचा, म्हणजे लोहाचा, वापर आम्ही फक्त एका मोठ्या दुपट्याच्या काठापुरता केला. डाळिंबाच्या सालीत पिवळं झालेलं कापड १०० ग्रॅमला एक-दीड ग्रॅम हिराकस घातलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवलं की डोळ्यांदेखत शेवाळी-करडं होतं. जादूसारखं दिसतं, म्हणून हात आवरत नाही, आणि तिथेच कापडाचं नुकसान होतं. जास्त लोहाने सूत काही वर्षांत विरतं. आधीच जुन्या असलेल्या नऊवारीला तर ते मुळीच परवडणारं नव्हतं.

टँकरचं पाणी

इथवर सगळं रीतसर झालं आणि तरीही मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळांच्या, पाण्यात रंगवलेले दोन तुकडे वेगळे निघाले. तेच मलमल, तेच मायफळ, तीच तुरटी, मुळं त्याच पुडीतली. एक विटकरी लाल, दुसरा संत्र्याकडे झुकलेला गुलाबी. काकूंनी वहीत बघून सांगितलं की पहिल्या दिवशी टाकीचं पाणी होतं, दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी म्हणून गाळणयंत्राचं वापरलं.

आमच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी पडतं. दख्खनच्या काळ्या कातळातून आलेलं ते पाणी जड. नळाच्या तोटीवर पांढरे थर, साबणाला फेस नाही. खडकवासल्याचं पाणी त्यामानाने खूप मऊ, पण ते शहराच्या या टोकाला नेमाने येत नाही. मंजिष्ठेला मात्र पाण्यातला कॅल्शियम आवडतो. अ‍ॅल्युमिनियमबरोबर कॅल्शियमही रंगद्रव्याशी जुळतो आणि लाल अधिक भरीव होतो. म्हणजे ज्या पाण्याला सोसायटीच्या प्रत्येक सभेत शिव्या बसतात, तेच इथे कामाचं. मऊ पाणी असलेल्यांनी चिमूटभर खायचा चुना निवळून घातला तरी तोच परिणाम मिळतो.

उलट धुण्याच्या पायरीला जड पाणी घातक. साबणाच्या वडीशी त्यातला कॅल्शियम मिळून चिकट साका तयार होतो, तो कापडावर बसतो आणि तिथे पुढे रंग चढत नाही. काकूंच्या एका टोपऱ्यावर बारीक पांढरे ठिपके आले ते यामुळेच. ते कापड तेवढं त्यांनी वडी लावून धुतलं होतं. जड पाण्यात साबण नको, डिटर्जंट हवं.

पाण्याने रंगाऱ्यांचं गाव हलवल्याचं उदाहरण फार दूरचं नाही. कच्छमधल्या धमडका गावचे खत्री रंगारी अजरख या ठशांच्या छपाईसाठी ओळखले जातात. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण इतकं वाढलं की त्यांच्या रंगांना ते चालेना. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन नवं गाव वसवलं, त्याचं नाव अजरखपूर. लोह पाण्यात असलं की हिरड्याने तयार केलेलं कापड रंगात जायच्या आधीच करडं पडणार, हे आता काकूंना समजावून सांगावं लागलं नाही.

वहीतल्या नोंदी

कारखान्यात धुण्यातला पक्केपणा करड्या पट्टीवर १ ते ५ असा मोजतात आणि उजेडातला निळ्या लोकरीच्या पट्टीवर १ ते ८ असा. घरी ती यंत्रं नाहीत, पण तत्त्व तेच ठेवता येतं. रंगवलेल्या प्रत्येक कापडाची एक चिंधी पांढऱ्या सुती चिंधीला शिवून नेहमीच्या डिटर्जंटमध्ये, नेहमीच्या गरम पाण्यात धुवायची. रंग किती उतरला ते एका बाजूला दिसतं, पांढऱ्यावर किती लागला ते दुसऱ्या. उजेडासाठी चिंधीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत चिकटवायची आणि काही आठवडे विसरून जायचं. काकूंनी जुन्या हजेरीपटाच्या रिकाम्या पानांवर चिंध्या टाचल्या. बाजूला कापडाचं वजन, टॅनिन, तुरटी, पाणी कुठलं, किती वेळ. माझ्या प्रयोगशाळेतल्या कित्येक नोंदींपेक्षा नीट.

त्यातून जे दिसलं ते असं. मायफळ-तुरटीवर मंजिष्ठा दोन्ही कसोट्यांत पुढे. हिरडा-तुरटीवर डाळिंबाची साल मंद पिवळी आणि भरवशाची. सांगोल्याच्या डाळिंबांचा हंगाम असल्यामुळे रसवाल्याकडून साल पिशवीभर फुकट मिळाली. कांद्याची सालं धुण्यात उत्तम टिकली, खिडकीत मात्र झाकलेला आणि उघडा भाग स्पष्ट वेगळे दिसायला लागले. दसऱ्याच्या झेंडूच्या वाळवून ठेवलेल्या माळा वापरल्या. पिवळा तजेलदार आला आणि उजेडात तोही उतरला, कांद्याहून जरा कमी. तुरटी न देता फक्त तुलनेसाठी कांद्यात रंगवलेली एक चिंधी होती. ती दोन्ही कसोट्यांत सगळ्यांच्या मागे.

एक गोष्ट मी काकूंना सांगितली आणि त्यांना ती पटली नाही. रोज गरम पाण्यात, यंत्रात धुवायच्या कपड्यांना रिअ‍ॅक्टिव्ह रंग अधिक व्यवहार्य आहेत. आयसीआय या कंपनीने १९५६ मध्ये, पर्किनच्या शोधाला बरोबर १०० वर्षं होत असताना, 'प्रोसिऑन' नावाने ते बाजारात आणले. त्यांचा रेणू सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. मीठ आणि धुण्याचा सोडा घालून कोमट पाण्यात काम होतं आणि न जोडलेला रंग गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवून काढला की कापड बाळालाही चालण्यासारखं असतं. काळजी घ्यायची ती रंगवणाऱ्याने: पूड उडून श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून तोंडाला मास्क आणि पंखा बंद. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या नातवंडाच्या वेळी बघू."

बाळंतविड्यात काय गेलं

नऊवारीची दुपटी डाळिंबाच्या पिवळ्यात, एकाला शेवाळी काठ. मायफळावर मंजिष्ठा दिलेली गुलाबीसर झबली आणि टोपरी, सुती दोऱ्याने शिवलेली. कांद्याच्या सोनेरी रंगातलं एक दुपटं काकूंना मोडवेना, तेही गेलं, "उन्हात वाळवू नकोस" अशा चिठ्ठीसकट. टेरिकॉटच्या कापडाची पिशवी झाली आणि त्यात हे सगळं भरून बंगळुरूला रवाना झालं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी निखळ येईपर्यंत प्रत्येक कपडा धुतला होता आणि गुलाबी झबली पांढऱ्या रुमालाबरोबर रात्रभर ओली गुंडाळून ठेवून तपासली होती.

लेकीकडे कपडे यंत्रात आणि तिथल्या तेज डिटर्जंटमध्ये धुतले जाऊ लागले. गुलाबीवर फारसा परिणाम दिसला नाही, पिवळी दुपटी किंचित मातकट झाली. सौम्य, कमी अल्कलीचं डिटर्जंट वापरायला सांगितल्यावर ते थांबलं. कांद्याचं दुपटं, चिठ्ठी असूनही, उन्हातच वाळत राहिलं असणार. बाळ पालथं पडायला लागेपर्यंत ते पार फिकं होऊन पुण्याला परत आलं. काकूंनी ते सोड्यात हलकं उकळून घेतलं, आधीचं टॅनिन आणि अ‍ॅल्युमिनियम बरंच शिल्लक आहे असं धरून तुरटी निम्मी दिली आणि वरून मंजिष्ठा चढवली, टाकीच्या पाण्यात. रंग आलाय गाजरासारखा केशरी. त्याची चिंधी वहीत टाचली आहे आणि अर्धी खिडकीत लावली आहे.